दाणी नावाचं विवर

औषधाच्या दुकानात बिल करताना नाव विचारलं, तेव्हा दीपानं सवयीनं ‘दाणी’ सांगितलं. नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून ती राइट टाउनातल्या या दुसऱ्या दुकानात आली होती. नवऱ्याच्या, अनुपमच्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायच्या होत्या, बाकी काही नाही. काउंटरमागच्या माणसाचं पेन नावावरच थांबलं. चष्म्यावरून तिच्याकडे बघत त्यानं विचारलं, “दाणी? वो पेपर में जो आया है, चाँद वाली मैडम... आप उनकी कौन?” आणि दीपाच्या तोंडून निघून गेलं, “बहन थीं मेरी.” तो माणूस स्टुलावरून उठला. त्यानं हात जोडले. “बड़े भाग की बात है, दीदी,” म्हणाला आणि गोळ्यांची पिशवी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. बाहेर येऊन तिनं स्कूटरला किल्ली लावली, पण फिरवली नाही. बहीण कुठून आली? लग्नाच्या एकोणतीस वर्षांत ‘त्यांची तुम्ही कोण?’ हा प्रश्न तिला कितीतरी जणांनी विचारला होता आणि उत्तर ठरलेलं होतं, हिंदीत आणि मराठीतही. ह्यांची पहिली बायको. एका दमात म्हणून टाकायचं, समोरच्याचा चेहरा किंचित पडला की आपण हसायचं, आणि विषय दुसरीकडे न्यायचा. मेलेल्या बाईला सवत म्हणायची सोय नव्हती. पण आज त्या माणसानं ज्या आदरानं विचारलं, त्या आदराचा एक तुकडा आपल्यालाही मिळावा असं तिला वाटलं होतं, म्हणून ती खोटं बोलली होती. सत्तावन्नाव्या वर्षी, अंगावर घरातला ड्रेस आणि हातात गोळ्यांची पिशवी असताना. हे कळल्यावर तिचे कान तापले. स्कूटर सुरू करून ती निघाली, आणि घराचं वळण चुकवून पुढच्या चौकापर्यंत गेली.

पेपरमध्ये आलं होतं ते असं. चंद्राची जी बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही, तिच्यावरच्या एका विवराला डॉ. विनता दाणी यांचं नाव देण्यात आलं. विनता इथल्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायची. यानांनी काढलेले पलीकडच्या बाजूचे फोटो तिला अहमदाबादच्या प्रयोगशाळेतून मिळायचे. त्यांच्यावर भिंग धरून ती एकेक खड्डा मोजायची. किती खड्डे, केवढे, कुणावर कोण पडलेला, त्यावरून तिथली जमीन किती जुनी ते ठरवायचं. तिचं गणित तेव्हाच्या मोठ्या लोकांच्या गणिताशी जुळलं नाही, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. चौऱ्याण्णव साली ती काविळीनं गेली. वय तेहेतीस. मागे नवरा आणि तीन वर्षांची मुलगी. पुढे नवी यानं गेली, नवे फोटो आले आणि विनताचं गणित बरोबर होतं असं निघालं. तिच्याबरोबर काम केलेले डॉ. श्रीपाद आता अहमदाबादेत निवृत्त होऊन बसले होते. नाव सुचवण्याचा सगळा पत्रव्यवहार त्यांनी केला. एवढी सगळी हकीगत दीपाला आता तोंडपाठ झाली होती, कारण गेले दहा दिवस बैठकीच्या खोलीत अनुपम ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता आणि ती आत चहा करत होती. “सतरा किलोमीटर रुंद आहे,” अनुपम सांगायचा. “मतलब समझ लीजिए, यहाँ से पनागर.” प्रत्येकाला हेच. इथून पनागर. पनागर दीपाचं माहेर. तिचे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. तिथल्या मटारच्या शेतांतून ती लहानाची मोठी झाली, तिथून लग्न होऊन या घरात आली. अनुपमच्या मनात काही नसायचं, त्याला फक्त अंतर सांगायचं असायचं. पण चहा गाळता गाळता दीपाला दिसायचं, की तिचं सगळं आयुष्य, निघाल्यापासून पोचेपर्यंत, त्या बाईच्या खड्ड्यात मावतं आणि वर जागा उरते.

या घरात विनताचा फोटो नेहमीच होता. दीपानं तो कधी काढायला लावला नाही. उलट लग्न होऊन आल्यावर त्याची काच तीच पुसायची आणि बघणाऱ्या बायका म्हणायच्या, काय मोठं मन आहे पोरीचं. फोटोशी तिचं जमलं होतं. फोटो भिंतीवर असतो, त्याची जागा ठरलेली असते, त्याच्याकडे पाठ करता येते. आणि अनुपम विनताबद्दल बोलायचा नाही. एकोणतीस वर्षांत पाच-सहा वाक्यं बोलला असेल. ते न बोलणं त्यानं आपल्यासाठी केलं, आपल्याला लागू नये म्हणून जपलं, असं दीपा समजत आली होती. तिच्या संसारातली ती सगळ्यात नाजूक वस्तू होती. आता कळत होतं, की त्याला कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच. विचारायला माणसं आली आणि सदुसष्ट वर्षांचा अनुपम घडाघडा बोलायला लागला. रोज दाढी करायला लागला. विनता कशी चालायची, विनता कशी गच्चीवर जाऊन पडायची, फॅक्टरीतून दमून आल्यावर तिनं त्याला एकदा तासभर भिंग धरून कसं उभं केलं. परवा एक वार्ताहर मुलगी आली होती, तिला तो म्हणाला, “संडे को खोवे की जलेबी. पूरे हफ़्ते की गिनती पूरी हुई, तो जलेबी. ये उनका नियम था.” दीपाच्या हातात पोह्यांची बशी होती. तिनं ती टेबलावर ठेवली, चमचा सरळ केला, आणि आत येऊन ओट्याला धरून उभी राहिली. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारपासून अनुपम तिच्यासाठी खव्याची जिलबी आणत आला होता. काळी, जड, पाकात बुडालेली. तिला ती फारशी आवडायची नाही. पण नवरा न सांगता, न चुकता आपल्यासाठी काहीतरी आणतो, म्हणून ती खायची. शुगर निघाल्यावरसुद्धा अर्धी खायची. एकोणतीस वर्षांचे रविवार. ती दुसऱ्या बाईचं बक्षीस खात होती.

शकुताईंचा फोन आला तो गोळ्या आणल्या त्याच दुपारी. शकुताई महाराष्ट्र मंडळाच्या सचिव, वयानं मोठ्या, सगळ्यांची कामं वाटून देणाऱ्या. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला होता. “दीपा, ऐक न. स्टेजवर घरचे दोघंच घेतले, अनुपमराव अन् नेहा. श्रीपाद सर येऊन राहिले अहमदाबादहून. गर्दी नाही करायची म्हटलं. तू नाश्त्याचं पाहून घेशील न? तुझ्यावर सोडून राहिले मी.”

“हो ताई,” दीपा म्हणाली. “किती माणसं धरायची?”

“दोनशे धर. अन् त्या दिवशी जरा चांगली साडी नेस हं, फोटोवाले राहतात.”

फोन ठेवल्यावर तिनं दोनशे जणांचा उपमा आणि ढोकळ्याचा हिशेब कागदावर मांडला. तिचा राग शकुताईंवर नव्हता. शकुताई तर बोलता बोलता पुढे म्हणाल्या होत्या, की विनता किती शांत होती, किती सोज्वळ, कधी आवाज चढला नाही, देवमाणूस. आणि ते ऐकताना दीपाच्या मनात जे उठलं, त्याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. कारण तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की खोटं आहे. विनता शांत नव्हती. विनता तापट होती. मोजणी चुकली की पेन्सिल मोडायची. दिवाळीच्या करंज्यांना ती ‘बिनकामाचे अर्धचंद्र’ म्हणायची. एकदा कंटाळून तिनं साठ खड्डे न मोजताच अंदाजानं लिहिले आणि दोन दिवसांनी शरमून सगळा फोटो पहिल्यापासून मोजला. हे या गावात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. अनुपमलाही नाही. हे माहीत होतं दीपाला, कारण विनताची वही दीपाकडे होती.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा करताना ती सापडली होती, एका फुटक्या कुकरच्या खोक्यात. जाड पुठ्ठ्याची, लांबट, शाळेत हजेरीला असते तशी. दीपा लग्नाआधी कुंडमच्या शाळेत शिकवायची, तिच्या हाताला ती वही लगेच ओळखीची वाटली. आत पेन्सिलीचं अक्षर. मोजणी संपली की विनता गच्चीवर आकाश बघत पडायची आणि अंधारातच लिहायची. दिवा लावला की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो, म्हणून न बघताच लिहायची. त्यामुळे ओळीवर ओळ चढलेली, शब्द शब्दात शिरलेला, काना एकीकडे तर मात्रा भलत्याच अक्षरावर. दीपानं ती वही त्याच दिवशी अनुपमला द्यायला हवी होती. द्यायचीच होती. फक्त एकदा आधी आपण बघू, त्यात त्या दोघांचं काही असेल तर आपल्याला ठाऊक असावं, असं म्हणून तिनं ती शिवणाच्या मशीनच्या पेटीत ठेवली. त्या पेटीला घरात तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. मग रोज दुपारी थोडं थोडं. एकेक ओळ उकलायला दिवस जायचा. ती प्रेम शोधत होती, चोराच्या घरात आपली वस्तू शोधावी तसं. आणि सापडत होते आकडे, ढग, नेहाचे दात, दूधवाल्याचे खाडे. ‘आज इथे अमावास्या. म्हणजे पलीकडे भर दुपार. लोकांना वाटतं तिकडे कायमचा अंधार आहे. कसा असेल? आपल्याला दिसत नाही म्हणून ऊन पडायचं थांबतं का?’ अशा ओळी. अनुपमचा उल्लेख ‘अ.’ एवढाच, तोही क्वचित. एका पानावर मात्र लिहिलं होतं, ‘अ. ला चंद्र आवडत नाही. मी आवडते. चालेल.’ ती ओळ दीपाला ज्या दुपारी लागली, त्या दुपारी तिनं वही मिटली आणि आठ दिवस मशीनला हात लावला नाही. त्या ‘चालेल’मध्ये किती निवांतपणा होता. आपल्याला नवरा आवडतो का, आपण त्याला आवडतो का, याचा पुरावा दीपा रोज गोळा करत होती, तेव्हाही आणि आताही. आणि ही बाई गच्चीवर पडल्या पडल्या एका शब्दात मोकळी झाली होती.

तरी ती पुन्हा वहीकडे गेली, कारण नेहा झोपायची नाही. नेहा तेव्हा सहा वर्षांची. दीपाला ‘काकू’ म्हणायची आणि तेही अगदीच गरज पडली तर. ताटातलं निम्मं टाकायची, वेणी घालताना मान ताठ धरायची, आणि अंथरुणावर पडली की डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहायची. दीपानं गोष्टी सांगितल्या, थोपटलं, गाणी म्हटली. पोर बाजूला सरकायची. आणि मग एका पानावर, दोन आकड्यांच्या मध्ये, तिला तळव्यांबद्दलच्या चार ओळी सापडल्या. त्या रात्री तिनं काही न बोलता नेहाचा डावा पाय मांडीवर घेतला. पोरीनं आधी पाय ओढला, मग सोडून दिला. थोड्या वेळानं तिनं झोपाळू आवाजात विचारलं, “तुला कसं माहीत?” आणि दीपा म्हणाली, “आईला कळतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी नेहानं तिला दूध मागितलं, आणि मागताना ‘आई’ म्हणाली. असंच मग पुष्कळ झालं. कुठलं औषध दिलं की नेहाला उलटी होते, आंबट वरण का आवडतं, फुग्यांची भीती का वाटते, सगळं दीपाला ‘कळत’ गेलं. शेजारणी म्हणायच्या, सख्ख्या आईला जमणार नाही इतकं जाणते ही पोरीचं. दीपा हसायची. रात्री अंथरुणावर तिला वाटायचं, आपण घराच्या मागच्या दारानं आत आलो आहोत आणि कुणीतरी ते दार अजून उघडंच ठेवलं आहे. नेहा पंधरा वर्षांची असताना एकदा तिनं विचारलं होतं, “मम्मीचं काही आहे का गं, तिनं लिहिलेलं वगैरे?” दीपा शर्टाला गुंडी लावत होती. तिनं दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, “साड्या आहेत दोन.” वही तेव्हा तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती.

नेहा शनिवारी सकाळच्या गाडीनं आली, हैदराबादहून. तिथल्या एका दवाखान्यात ती दातांची डॉक्टर होती. चौतिशीची, आखूड केसांची, घरात शिरल्याबरोबर पंखा लावणारी. जेवायला बसल्यावर तिनं फोन काढून अनुपमला दाखवला. “बाबा, श्रीपाद सरांचा मेल आला. ते म्हणतात मम्मीची एक नोटबुक होती. डार्क में लिखती थी, काउंटिंग वगैरे. त्यांना ती पाहायची आहे. कुठे आहे?”

अनुपम घास हातात धरून आठवायला लागला. “होती खरी. लांब वही. माळ्यावर होती की काय... आता काय राहणार आहे बेटा, वाळवीनं खाल्ली असेल.”

“एक बार देख तो लें,” नेहा म्हणाली. “आई, तुला माहीत आहे?”

“पोळी घे अजून,” दीपा म्हणाली.

जेवण झाल्यावर अनुपम आडवा झाला आणि नेहा शिडी लावून माळ्यावर चढली. दीपा खाली शिडी धरून उभी होती. वरून खोकी सरकवल्याचे आवाज, धूळ, मधूनच नेहाची शिंक. एकेक वस्तू नेहा खाली देत होती आणि दीपा घेत होती. जुना मिक्सर, गणपतीची मखरं, नेहाची पहिली सायकल. दीपाच्या डोक्यात एक थंड, स्वच्छ विचार चालला होता, की थोड्या वेळानं ही दमून खाली उतरेल, वाळवी म्हणेल, आणि संपेल. उद्या दोनशे माणसं देवमाणूस विनताला टाळ्या वाजवतील, आणि खरी विनता, पेन्सिल मोडणारी, फसवून मग शरमणारी, मशीनच्या पेटीत तिच्या एकटीची राहील. चंद्रावर कुणाचंही नाव लिहा. वही माझी आहे. भांडायला, दुपारी विचारायला, ‘आता सांग, या पोरीच्या पहिल्या पाळीच्या वेळी तू काय केलं असतंस’ असं खडसावायला एवढ्या वर्षांत दुसरं होतं कोण? अनुपमनं तिच्याशी सात वर्षं संसार केला. आपण एकोणतीस. हा विचार पुरता होतो न होतो तोच वरून नेहाचा आवाज आला. “आई, मला तिचा हँडरायटिंग कसा होता तेच माहीत नाही. सोच. मी आता तिच्यापेक्षा मोठी झाले, अन् मी तिचं एक अक्षर नाही पाहिलं.” नेहा हे तक्रारीनं म्हणाली नाही. धुळीनं घसा बसला होता, त्या घोगऱ्या आवाजात, काम करता करता म्हणाली.

दीपानं शिडी सोडली. “उतर खाली,” ती म्हणाली. “तिथे नाही ती.”

मशीनच्या पेटीतून तिनं वही काढली तेव्हा वर दोन बॉबिनी आणि खडूचा तुकडा होता, ते तिनं नीट बाजूला ठेवले. नेहा खोलीच्या दारात उभी होती, केसांना जाळी लागलेली. तिनं वही घेतली, उघडली, पहिलं पान पाहिलं आणि मिटली.

“ही कुठे होती?”

“माझ्याकडे.”

“ते दिसून राहिलं मला. केव्हापासून?”

“तू सहा वर्षांची होतीस.”

नेहानं मान हलवली, जणू एखाद्या पेशंटनं दुखणं सांगितलं. “मी विचारलं होतं तुला. दहावीत होते मी. तू म्हणालीस, साड्या आहेत.”

“हो.”

“काहून, आई?”

दीपाकडे या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं वर्षानुवर्षं तयार होती. त्यातलं एकही तिनं वापरलं नाही. “मला ती कोणाला द्यायची नव्हती,” ती म्हणाली. “आधी म्हणून, की तुम्ही दोघं तिच्याकडे परत जाल. मग... मग ती माझीच झाली.”

नेहा पलीकडच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दीपा पलंगाच्या कडेला बसली. अनुपम बाहेर घोरत होता. बंद दाराआडून पान उलटल्याचा आवाज येत होता, बराच वेळ नाही, मग पुन्हा. दीपाला वाटलं होतं की तिला भीती वाटेल. भीती होतीच, पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं, ओळखीचं, आंबट. आत्ता त्या खोलीत त्या दोघी आहेत. मायलेकी. दार लावून. आणि आपण बाहेर, नाश्त्याचं बघायला. एवढं सगळं करून, एवढं सगळं कबूल करूनसुद्धा मत्सर जागचा हलला नव्हता, हे पाहून तिला हसू आल्यासारखं झालं.

दार उघडलं तेव्हा चार वाजून गेले होते. नेहाचे डोळे लाल होते, पण कपाळाला आठीही होती. “हे वाचताच नाही येत,” ती म्हणाली. “एक लाइन दुसऱ्या लाइनीवर चढून आहे. मी दोन घंट्यांत फक्त ‘ढग’ वाचलं, अन् माझं नाव वाचलं.” ती येऊन पलंगावर बसली, भिंतीला टेकून, पाय लांब करून. वही तिनं दोघींच्या मध्ये ठेवली. “मी तुला माफ वगैरे नाही केलं. केव्हा करेन तेही माहीत नाही. पण तूच वाच.”

दीपानं वही मांडीवर घेतली आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदाच मोठ्यानं. अठ्ठावीस वर्षं तिनं ते शब्द मनातल्या मनात वाचले होते, तिऱ्हाइताचे म्हणून. आता तोंडानं ‘मी’ म्हणावं लागत होतं. ‘मी आज चारशे बारा मोजले. मला वाटतं श्रीपाद चुकतो आहे.’ ‘मी चिडले, अ. वर उगाच.’ ‘मी नेहाला वर घेऊन आले, तिनं चंद्राला बोट दाखवून पोळी म्हटलं.’ नेहा यावर हसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. दीपाला दिसत होतं, की मिटल्या डोळ्यांनी नेहा आपला आवाज ऐकत नाहीये. आपल्या आवाजातून ती दुसऱ्या कुणालातरी ऐकते आहे. जीव एकवटून तिनं ते होऊ दिलं. करंज्यांचं पान आलं, ते तिनं वाचलं. ‘चालेल’चं पान आलं, तेही वाचलं. तिथे तिचा आवाज किंचित चिरका झाला, नेहानं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. मग ते पान आलं. एक पान उलटून पुढे जाणं अगदी सोपं होतं. नेहाला या अक्षरात काहीच कळलं नसतं.

“‘ढग,’” दीपानं वाचलं. “‘काही दिसत नाही. खाली नेहा रडते आहे. जाऊन तळवे चोळले. मधोमध, अंगठ्यानं, डावा पाय आधी. उजव्यापासून सुरू केलं तर झोपत नाही, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. कारण कळत नाही. नोंद करून ठेवते.’”

नेहानं लांब केलेले पाय हळूच मागे ओढले आणि कुर्त्याखाली घेतले. दीपा ते बघत राहिली.

“तर ते तिचं होतं,” नेहा म्हणाली.

“तिचं.”

“तू म्हणाली होतीस, आईला कळतं. मला याद आहे. मी सगळ्या मैत्रिणींना सांगत होते, माझ्या आईला सगळं कळतं.”

“सांगितलं तिनं,” दीपा म्हणाली. “चोळले मी.”

हे वाक्य तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. त्यात माफी नव्हती आणि फुशारकीही नव्हती. बाहेर अनुपम उठल्याची चाहूल लागली. त्याच्या चपला घासत मोरीकडे गेल्या. नेहा वहीवर वाकली. मघाच्या त्या चार ओळी कुठे आहेत ते ती शोधत होती, पेन्सिलीच्या त्या गुंत्यात बोट फिरवत, आणि तिला ते सापडत नव्हतं. मग तिनं मान वर करून दीपाकडे पाहिलं, जरा वेळ, बारकाईनं.

“आई, तुझा चष्मा कुठे आहे?”

दीपाचा हात नाकाकडे गेला. चष्मा मशीनच्या पेटीवर होता, मघाशी वही काढताना ठेवला होता तिथेच. त्याशिवाय तिला बाटलीवरचं नाव वाचता येत नसे. तासभर ती पानं उलटत होती आणि तिचे डोळे पानावर होते, पण पानावर तिला एक करडा पट्टा दिसत होता, आणखी काही नाही.

“पाठ आहे तुला,” नेहा म्हणाली. “पूरी की पूरी.”

दीपानं मान खाली घातली. एवढ्या वर्षांत पकडली गेली होती ती आता, या क्षणी. मघाशी वही देताना नाही.

नेहा उठली. मशीनवरचा चष्मा आणला, कुर्त्याच्या टोकानं पुसला आणि दीपाच्या हातात दिला. मग बैठकीच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाली, “बाबा, शकुमावशींना फोन लावा. नाश्ता बाहेरून सांगायला लावा म्हणावं. उद्या आई स्टेजवर बसून राहिली.”

“स्टेजवर?” अनुपमचा गोंधळलेला आवाज आला. “ती काय बोलणार तिथे?”

“वाचणार,” नेहा म्हणाली. “दुसऱ्या कोणाला येत नाही.” आणि परत येऊन ती पलंगावर मघाच्या जागी बसली, पाय कुर्त्याखालीच ठेवून. तिनं वहीचं पान स्वतः उलटलं. “पुढे,” ती म्हणाली.

दीपानं चष्मा लावला. अक्षरं उभी राहिली, एकमेकांच्या अंगावर चढलेली, घाईतली, तिच्या रोजच्या ओळखीची. उद्यापासून ही सगळ्यांची होणार. “‘आज आकाश स्वच्छ,’” तिनं वाचलं, आणि क्षणभर थांबून, कुणाला तरी वाट करून द्यावी तसं, पुढचं वाचायला लागली.